निरोपाचा फेटा

चेंडू घरंगळत आला आणि जयवंतरावांच्या वहाणेला टेकून थांबला. बडोद्यात फतेगंजच्या मैदानावर हे रोजचंच होतं. सकाळच्या सरावात एखादा चेंडू रेषेबाहेर यायचा, पोरं लांबूनच ओरडायची, "काका, मारा!" आणि क्लबचे चिटणीस जयवंतराव शिर्के, वय पन्नाशीच्या पार, धोतराचा सोगा खोचून, वहाण काढून बाजूला ठेवून उजव्या पायाने चेंडू असा भिरकावायचे की पोरांनी वाहवा करावी आणि त्यांनी ती ऐकू न आल्यासारखं करावं. आजही त्यांनी सवयीने वहाण काढली, सोगा खोचला. पण हाक आली नाही. गोलरक्षक हेरंब धावत आला, वाकला, चेंडू उचलून छातीशी धरला आणि त्यांच्याकडे न बघता आला तसा परत गेला. एवढंच झालं. जयवंतराव एक पाय वहाणेत आणि एक पाय दवाने भिजलेल्या गवतात असे उभे राहिले. तळव्याचा गारवा हळूहळू गुडघ्यापर्यंत चढत गेला. लहानसहान अपमान त्यांनी पुष्कळ पचवले होते; दरबारची नोकरी केलेल्या माणसाला ती विद्या येतेच. पण हा अपमान नव्हता. हेरंबच्या तोंडावर राग नव्हता, तुच्छता नव्हती, नुसता संकोच होता. घरातल्या वडीलधाऱ्याचं काही भलतंच उघडकीला आलं की धाकटी माणसं जशी त्याच्या नजरेला नजर देत नाहीत, तसा. म्हणजे पोरांनीही खरं मानलं, असं त्यांच्या मनात आलं आणि पुन्हा वहाण घालताना अंगठा कुठे अडकवायचा तेच त्यांना समजेना.

गावात काय बोललं जातंय हे त्यांना ठाऊक होतं. क्लबचा लेफ्ट-आउट धनाजी मोरे पौषात मुंबईच्या एका गिरणीच्या संघात गेला, आणि जयवंतरावांनी त्याला सोडला तो गिरणीकडून काहीतरी घेऊन, असं बोललं जात होतं. किती घेतलं याचा आकडा पानाच्या प्रत्येक गादीवर निराळा निघे. एक गोष्ट मात्र सगळ्या आकड्यांच्या शेवटी सारखी येई: जरीचा फेटा. तो लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. आणि वेळ तरी कोणती! सरकारांना गादीवर येऊन साठ वर्षं झाल्याचा सोहळा तोंडावर आलेला, सुरसागराच्या काठावर दिव्यांच्या माळा चढलेल्या, आणि त्या महोत्सवाच्या ढालीसाठी वर्षभर घाम गाळणाऱ्या संघातला एकुलता एक डावखुरा ऐन वेळी परगावी. अंतिम सामन्यात कॅम्पातल्या बूटवाल्या पलटणीने ह्या अनवाणी पोरांना धुऊन काढलं. चेंडू सवयीने डावीकडे जायचा आणि तिथे कुणी नसायचं. हरल्याचं दुःख कुणावर तरी काढावं लागतंच. क्लबचा खजिनदार श्रीपतराव जगताप चहाच्या दुकानात म्हणाला, "तळं राखी तो पाणी चाखी," आणि आठवडा गेला नाही तोच त्याने फुटबॉल मंडळाकडे रीतसर तक्रार केली. त्याने, म्हणजे श्रीपतीने! ज्याच्याबरोबर जयवंतरावांनी कुस्तीच्या एकाच हौद्यातली लाल माती खाल्ली होती, त्या श्रीपतीने. परका माणूस शिव्या देतो तेव्हा त्या अंगावरून जातात. आपल्या माणसाची एक म्हण रात्रंदिवस कानात बसते.

मैदानावरून ते निघाले आणि नेहमीच्या दुकानात चहाला टेकले. दुकानदार गुजराती, वीस वर्षांच्या ओळखीचा. "आवो, बेसो ने, जयवंतराव," म्हणाला, कप पुढे ठेवला, आणि मग उगाच फडक्याने टेबल पुसत आवाज खाली आणून म्हणाला, "जुओ, हुं तो कोईनुं मानतो नथी." जयवंतरावांनी त्याला काही विचारलं नव्हतं. न विचारता कुणी आपल्यावर विश्वास असल्याचं सांगू लागलं की समजावं, प्रकरण फार लांब गेलं. चहा गोड होता, नेहमीसारखाच मसाल्याचा होता, पण घशाखाली उतरेना. संध्याकाळी मंडळाची सभा होती. मंडळाचे अध्यक्ष दत्तात्रेयपंत काल मुद्दाम घरी येऊन गेले होते. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेला, सरळ, सज्जन माणूस. कुणाचं वाकडं करण्याची त्यांना सवयच नव्हती. झोपाळ्यावर बसून, पायाने झोका न घेता ते म्हणाले होते, "जयवंतराव, नियम स्पष्ट आहे. खेळाडू एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जाताना चिटणीसाने कुठलीही वस्तू स्वीकारता कामा नये. आपण फेटा स्वीकारलात. पैशाचं कुणी काही बोलो, मी ते मानत नाही. तेवढा फेटा उद्या सभेत आणून द्या. मंडळ तो गिरणीकडे परत धाडेल. गैरसमजुतीने घेतला, परत केला, विषय संपला. पदही राहील, अब्रूही राहील." "आणि नाही दिला तर?" जयवंतरावांनी विचारलं होतं. पंतांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. "तर मग माझ्या हातात काही राहत नाही. पद जाईल, आणि कुठल्याच क्लबात आपल्याला पुन्हा काम करता येणार नाही. पण तशी वेळ कशाला येईल? एक फेटा तो काय!" तेव्हापासून हे शेवटचं वाक्य जयवंतरावांच्या डोक्यात घर करून बसलं होतं. पंतांना काय ठाऊक? त्यांच्या बिचाऱ्यांच्या अंगाला कधी माती लागली नव्हती.

चहा तसाच ठेवून ते उठले आणि कमाटीबागेच्या कडेने गावाकडे चालू लागले. बागेत आंब्यांना मोहर आला होता. त्या वासाने त्यांना हमखास दुसराच एक वास आठवे: ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस कालवलेल्या लाल मातीचा. मदनझांप्यातला पिलाजीराव उस्तादांचा आखाडा. आता तिथे लाकडाची वखार आहे. आखाडा गेला, नुसता शेंदूर लावलेला मारुती उरला, आणि वखारवाला गुजराती असला तरी शनिवारी त्याला तेल घालतो हे त्याचे उपकार. त्या काळी पहाटे पहाटे हौद्यात उतरलं की माती आधी गार लागे, मग अंगाच्या उबेने ती ऊन होई, आणि घरी जाताना कानांत, भुवयांत, दाढेखाली ती बरोबर येई. आई म्हणायची, ह्याच्या कानात भुईमूग पेरला तर उगवेल. उस्ताद म्हणजे ठेंगणा, रुंद, पूर्वी पागेत शिलेदारी केलेला माणूस. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा आणि त्यांची शाबासकी शेजारी उभ्या असलेल्यालाही ऐकू यायची नाही. फुटबॉलचा त्यांना मनस्वी तिटकारा. जयवंता आणि श्रीपती आखाडा चुकवून कॅम्पाच्या कुंपणाशी गोऱ्या सोजिरांचा खेळ बघायला जातात हे कळल्यावर ते म्हणाले होते, "कुस्तीत माणूस माणसाला भिडतो. ह्यात सगळे मिळून हवेला लाथा घालतात. हवा कधी चीत होते काय रे?" आणि तरीही त्या वर्षी पोरांनी वर्गणी काढून आणलेला पहिला चेंडू त्यांनी दसऱ्याला फिरवायच्या मुद्गल-करेलांच्या रांगेत पाटावर ठेवायला लावला. "त्यालाही हळदकुंकू वाहा. नावडता झाला तरी हत्यारच आहे ते." हळदकुंकवाने माखलेला तो चामड्याचा चेंडू आठवून जयवंतराव रस्त्यात एकटेच हसले. समोरून येणाऱ्या बाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं, आणि हसू जागच्या जागी मावळलं. आता ते हसले तरी लोक अर्थ काढणार होते.

फेट्याची रीत त्या आखाड्याची. एका आखाड्याचा पठ्ठा दुसऱ्या आखाड्यात जायचा असला की नव्या उस्तादाने जुन्या उस्तादाकडे माणूस धाडायचा, नारळ आणि फेटा देऊन. जुन्या उस्तादाने तो फेटा मारुतीपुढे आपल्या डोक्याला बांधायचा आणि नारळ फोडायचा. पठ्ठा सुटला. तो निरोपाचा फेटा. मग तो विकायचा नाही, वापरायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. जोवर जुन्या उस्तादाच्या ट्रंकेत फेटा आहे, तोवर पठ्ठा मोकळा. फेटा परत गेला की पठ्ठाही परत. नाही आला तर तो पळपुटा, त्याने कुठल्याच हौद्यात उतरायचं नाही. आणि फेटा आला त्या दिवशीच सोडायचं, आज नको, सण होऊ दे, कुस्त्यांचा फड होऊ दे, असं म्हणायचं नाही. "जाणाऱ्याला तिथी विचारू नये," उस्ताद म्हणायचे. "तिथी विचारली की तो अंगानं राहतो नि मनानं जातो. मग त्याचा तुम्हालाही उपयोग नाही नि त्यालाही नाही." दरवर्षी दसऱ्याला ते ट्रंक उघडून फेटे उन्हात घालत. जाडेभरडे सुती फेटे, लाल, हिरवे, रंग उडालेले. दोरीवर टाकताना प्रत्येकाला नाव असे. हा कासम, इंदुरास गेला. हा आमचा रंगा, कोल्हापुरात मोठा झाला. पोरांना वाटे, उस्ताद फेटे वाळत घालताहेत. ते आपल्या गेलेल्या मुलांना उन्हाला बसवत होते, हे समजायला जयवंतरावांना पुष्कळ वर्षं जावी लागली. उस्ताद वारले तेव्हा ते सगळे फेटे त्यांच्या चितेवर ठेवले होते. चिता पेटल्यावर रंगीत कापडांची एक ज्वाळा वेगळीच उठली आणि श्रीपती जयवंतरावांच्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला होता.

तोच श्रीपती! जयवंतरावांनी कुस्ती सोडून फुटबॉल धरायचं ठरवलं तेव्हा मोठा पेच पडला होता. उस्तादांकडून सुटायचं तर नव्या उस्तादाचा फेटा हवा. आणि फुटबॉलला उस्ताद कुठला? शेवटी श्रीपतीनेच अक्कल लढवली. दोघांनी मांडवीच्या बाजारातून एक लाल सुती फेटा घेतला, नारळ घेतला, आणि श्रीपती तो दोन्ही हातांत धरून, अगदी परगावचा वकील आल्यासारखा, आखाड्याच्या दारात उभा राहिला. जयवंता भिंतीआड. "कुणाकडून आलास?" उस्तादांनी विचारलं. श्रीपतीची बोबडी वळली, पण बोलला: "चेंडूकडून." उस्ताद काही वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि मग असे हसले की मारुतीपुढची पणती विझली. हसता हसताच त्यांनी फेटा बांधला, नारळ फोडला, आणि भिंतीआडच्या जयवंताला कानाला धरून पुढे ओढत म्हणाले, "जा. सुटलास. हवेचा भरवसा धरू नकोस, एवढंच सांगतो." पुढे काही महिन्यांनी श्रीपतीसाठी चेंडूचा वकील होऊन जयवंता गेला. तेव्हा उस्ताद हसले नाहीत. फेटा बांधून झाल्यावर त्यांनी पाठ फिरवली आणि बराच वेळ मारुतीच्या पायांची जागा पुसत राहिले. हे सगळं श्रीपतीला ठाऊक होतं. बडोद्यात आता हे ठाऊक असणारी दोनच माणसं उरली होती, आणि त्यातल्या एकाने दुसऱ्याविरुद्ध तक्रार केली होती.

धनाजी पागेत घोड्यांची निगा राखणाऱ्या एका साइसाचा मुलगा. बाप लवकर गेला. आई जिजाबाई चार घरची धुणी करी. चिंध्यांचा चेंडू करून घोड्यांच्या पायांमधून खेळायला शिकलेला, त्यामुळे त्याच्या पायाला भीती अशी माहीतच नव्हती. डाव्या रेषेने तो निघाला की जीभ दातांत धरायचा, आणि जयवंतराव रेषेबाहेरून त्याच्या बरोबरीने धावू लागायचे. धापा टाकत, कुणी बघत असेल याची पर्वा न करता. त्यांनी त्याला फुटबॉल शिकवला तो आखाड्याच्या रीतीने. मैदानात उतरताना जमिनीला हात लावायचा, दसऱ्याला चेंडू पुजायचा, आणि सामना नसेल त्या दिवशी दोघांनी वखारीतल्या मारुतीला जाऊन नमस्कार करायचा. फेट्याची गोष्टही त्यांनीच सांगितली, गंमत म्हणून. पोरगा ती गंमत म्हणून ऐकत नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पौषात एका सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. मागे कोट घातलेला, गिरणीतला मुकादम. हातात नारळ आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी. "काका," धनाजी म्हणाला, "न्यायला माणूस आलाय." मुकादम साताऱ्याकडचा, भला माणूस. "पोरगं म्हणालं, असल्याबिगर मी येनार न्हाई. तवा तसं आनलंय. चुकलं असलं तर सांगा." गिरणीच्या यंत्रखात्यात कायमची नोकरी, राहायला खोली, आईलाही नेता येणार. कागद सोडला तर आत केशरी फेटा, जरीच्या पदराचा, नुसता लखलखीत. ढालीचे सामने तीन आठवड्यांवर आले होते. 'ढाल होऊ दे, मग जा,' हे वाक्य जयवंतरावांच्या ओठांपर्यंत आलं होतं. अजूनही ते त्यांना ओठांवर जाणवे. धनाजी राहिला असता. हूं की चूं न करता राहिला असता. पण ते म्हणाले, "चल," आणि तिघे वखारीत गेले. मारुतीपुढे त्यांनी फेटा बांधला, नारळ फोडला. धनाजी पाया पडला तो उठेचना. समोरच्या माडीवर श्रीपतरावाचं घर. खिडकीत तो उभा होता, आणि त्याने हात वर केला नाही.

एवढं सगळं स्वच्छ होतं. मग हेरंबची खाली गेलेली मान बघून आपल्याला चोरासारखं का वाटावं? पूल ओलांडून रावपुऱ्याच्या गर्दीत शिरताना जयवंतरावांनी स्वतःला हे विचारलं, आणि उत्तर त्यांना माहीत होतं. त्या दिवशी घरी आल्यावर, फेटा ट्रंकेत ठेवण्याआधी, त्यांनी तो पुन्हा एकदा बांधला होता. आरशासमोर. वडिलांचा असाच एक फेटा होता, दसऱ्याच्या स्वारीत घालायचा. तो केव्हाच विरून गेला. जरीचा पदर मानेवर टोचत होता आणि ते टोचणं त्यांना आवडलं. आरशातला माणूस छान दिसत होता. काही क्षणच, पण त्या क्षणांत धनाजी त्यांना आठवला नव्हता. उस्तादांच्या जाड्याभरड्या फेट्यांना हा धोका नव्हता. लोक म्हणत होते ते सगळं खोटं होतं, पण त्या खोट्यात गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी खरं होतं, आणि ते फक्त त्यांना दिसत होतं.

घरी कमळाबाईंनी पान वाढलं. दोघी मुली इंदूर नि ग्वाल्हेरला दिलेल्या, घरात दोघंच. "जेवा. शाक निवतंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पहिला घास घेतल्यावर, "मी फेटा काढून ठेवलाय. रुमालात बांधलाय. पंतांच्या हातात द्या नि मोकळे व्हा."

"तो परत द्यायचा नसतो."

"अहो, मुंबईत बसलेल्या पोराला कळणार आहे होय? आणि कळलं तरी नोकरी सोडून येतोय की काय तो?"

जयवंतरावांचा हात ताटात तसाच राहिला. येईल. धनाजी येईल. त्यांचा स्वतःचा ह्या रीतीवर किती विश्वास होता हे त्यांना सांगता आलं नसतं. वय झालं, विलायतेहून मोटारी आल्या, गावात वीज आली. पण त्या पोराचा होता. नव्याण्णव टक्के नाही, सोळा आणे होता. गिरणीच्या दारात मुकादम फेटा हातात घेऊन उभा राहिला की धनाजी यंत्रावरचे हात पुसेल, आईला म्हणेल चल, आणि बडोद्याची गाडी धरेल. मग पुन्हा पागेच्या अंगणातली खोली, जिजाबाईंची धुणी, आणि डावी रेषा. डावी रेषा! दातांत जीभ धरून धावणारा तो काळासावळा पोरगा त्यांना लख्ख दिसला, आणि छातीत आनंदाची अशी एक उसळी आली की त्यांना ठसका लागला. कमळाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. एका फेट्यात सगळं परत येणार होतं, पद, अब्रू, पोरांची नजर, आणि धनाजी. पंत खुद्द म्हणत होते, द्या. नियम म्हणत होता, द्या. बायको म्हणत होती, द्या. एवढी चांगली माणसं एकाच वेळी मोहात पाडायला बसलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. पाणी पिऊन झाल्यावर कमळाबाई हळूच म्हणाल्या, "मलाही चैन पडत नाही हो. पोर रोज सकाळी येऊन ताक मागायचं." मग त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

संध्याकाळी क्लबच्या खोलीत मंडळाची चार-सहा माणसं बसली होती. श्रीपतराव खिडकीपाशी. जयवंतरावांनी रुमालाचं गाठोडं टेबलावर ठेवलं तेव्हा खोलीतला ताण एकदम सैल झाला. कुणी पानाचा डबा उघडला. पंतांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं. "छान केलंत," म्हणत त्यांनी गाठ सोडली. उन्हाची तिरीप खिडकीतून येत होती, केशरी कापडावरची जर उजळली आणि एकाच्या तोंडून "वा!" निघून गेलं. पंत फेटा उचलणार तोच जयवंतरावांनी त्यावर हात ठेवला. आपण हात ठेवला, हे त्यांना ठेवल्यावर कळलं.

"पंत, हा मी घेतला, हे खरं आहे. आवडलाही मला, तेही खरं आहे. काय शिक्षा असेल ती करा. पण हा परत जायचा नाही."

"जयवंतराव, अहो, हट्ट कशाला?"

त्यांनी सांगितलं. आखाडा, उस्ताद, नारळ, मारुती. सांगताना त्यांना स्वतःलाच ऐकू येत होतं की मंडळाच्या खोलीत ही हकिगत एखाद्या थापेसारखी वाटते. पंतांनी मात्र शेवटपर्यंत नीट ऐकलं. मग म्हणाले, "अशी रूढी होती असं सांगणारं आपल्याखेरीज कुणी आहे का? एकाने जरी सांगितलं तरी मी हे लाच म्हणून धरणार नाही. फेटाही आपल्याकडे राहू दे."

जयवंतरावांनी श्रीपतीकडे पाहिलं. चेंडूकडून आलेला वकील खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या मानेची शीर उडत होती. पंतांनी पुन्हा विचारलं, "कुणी?" बाहेर मैदानावर शेळ्या चरत होत्या. जयवंतरावांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली, नीट, दोन्ही टोकं ओढून. पंत उठून उभे राहिले; त्यांचे डोळे भरून आले होते. "नियम आहे हो," ते म्हणाले. "असावाच," जयवंतराव म्हणाले आणि क्लबच्या किल्ल्या टेबलावर ठेवून गाठोडं काखेला मारून बाहेर पडले.

काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मागून धाप लागलेली पावलं आली. ती कुणाची हे त्यांनी वळून न बघता ओळखलं. ह्या पावलांशी ते लहानपणापासून शर्यती लावत आले होते. पुतळ्याच्या कठड्याशी ते थांबले. श्रीपतराव शेजारी येऊन उभा राहिला, आणि दोघंही समोर बघत राहिले.

"मी बोललो असतो तर तुझं पद राहिलं असतं," श्रीपतराव म्हणाला.

"राहिलं असतं."

"पण फेटाही तुझ्याकडेच राहिला असता."

जयवंतरावांनी आता त्याच्याकडे पाहिलं. श्रीपतीचा तोंडवळा म्हातारा झाला होता. हे कधी झालं?

"मला वाटलं, अब्रूच्या भीतीनं तरी देशील," श्रीपतराव म्हणाला. "पंतांकडे तेवढ्यासाठीच गेलो. पैशाबिशाचं मी कुणाला बोललो नाही, ते लोकांनी लावलं. मी ती एक म्हण बोललो, नि फेटा घेतलाय एवढं म्हटलं. मला तो परत गेलेला हवा होता, जयवंता. तुझ्या ट्रंकेतून निघून मुंबईला गेलेला."

"ढालीसाठी?"

"ढाल गेली खड्ड्यात!" तो एकदम ओरडला. मग आवाज चिरकला. "सकाळी मैदानावर जातो नि कशाला आलो तेच समजत नाही. डावी बाजू बघवत नाही. तुला नाही होत असं?"

"होतं."

"मग? पाठवला असतास तर तो आला असता रे. तुला ठाऊक आहे, नक्की आला असता."

"पहिल्या गाडीनं आला असता," जयवंतराव म्हणाले. "म्हणून तर नाही दिला, श्रीपती."

श्रीपतरावाने हात पुढे करून जयवंतरावांच्या काखेतलं गाठोडं काढून घेतलं आणि स्वतःच्या काखेत धरलं, तेवढंच ओझं. गाडी नुकतीच येऊन गेली असावी. स्टेशनाकडून टांगे येऊ लागले होते, वळकट्या नि ट्रंका लादलेले, कंदील हेलकावत. घरी जायला उशीर होत होता, पण दोघंही हलले नाहीत. टांगा जवळ आला की दोन्ही म्हातारे थोडे पुढे वाकत, आत कोण बसलंय ते बघत, आणि तो गावाकडे निघून गेला की मागून येणाऱ्या टांग्याकडे वळत.